चिलापीचे भाऊबंद घरच्या काचपेटीत



दर अंकात मी आपणांस बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट यांवर लिहितो. या वेळी संपादकांनी 'जरा वेगळे काही द्या' म्हणून गळ घातली. गटातून फिरताना दिसते, की पोरांच्या हट्टापायी आता बऱ्याच घरांत माशांची काचपेटी येते. आणि चार-सहा महिन्यांनी तीच पेटी ओसरीच्या कोपऱ्यात रिकामी पडलेली असते. माझ्या घरीही तेच व्हायचे होते. मी कृषी पदविकेचा माणूस, मत्स्यतज्ज्ञ नव्हे. ठेच लागून जे शिकलो तेवढेच सांगतो.

धाकट्या मुलीसाठी मी तीन फुटी पेटी आणली. दुकानदाराने पुढे केले ते सगळे घेतले : बोटभर लांबीचे दोन ऑस्कर, डझनभर इवलेसे निऑन आणि हिरव्यागार पाणवनस्पती. चौथ्या दिवशी वनस्पती मुळासकट वर तरंगत होत्या. निऑन एकेक करून ऑस्करच्या पोटात गेले. सहा-आठ महिन्यांत ऑस्कर वीतभर झाले, त्यांना वळायला जागा पुरेना. आता यात माशांची काय चूक? हलक्या माळावर भारी जमिनीचा वाण लावायचा आणि मग उतारा पडला नाही म्हणून ओरडायचे, त्यातलाच हा प्रकार.

ऑस्कर हा सिक्लिड कुळातला मासा. नाव नवे वाटले तरी कुळ आपल्या ओळखीचे आहे. उजनीची चिलापी याच कुळातली, कोकण-गोव्याचे काळुंदरही याच कुळातले. बाकीची बहुतेक मंडळी आफ्रिकेतली व दक्षिण-मध्य अमेरिकेतली. पिलांची राखण करावी ती यांनीच. पण हद्द धरून भांडणे आणि तोंडाने वाळू उकरणे हा यांचा स्वभाव. काही जाती तर पालाही खातात. म्हणून या माशांसाठी जिवंत वनस्पतींचा नाद सोडावा. नदीतले काळे दगड व मातीची कुंडी आडवी ठेवून लपायला जागा कराव्यात. दगड आधी तळाच्या काचेवर पक्के बसवावेत, वाळू नंतर घालावी. नाहीतर मासे खालून उकरतात आणि दगड काचेवर कोसळतो.

वनस्पती नसल्या की एक काम मात्र आपल्या अंगावर येते. आपण उसाला युरिया देतो. जमिनीत त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट ऊस उचलतो. पेटीत माशांच्या मलमूत्राचे व उरलेल्या खाद्याचे हेच होते. फरक एवढाच, की उचलायला तिथे ऊस नाही! अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी. त्यांचा बंदोबस्त करणारे जिवाणू नव्या पेटीच्या फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे अगदी थोडे ठेवावेत आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. लाईट जाण्याचा त्रास असेल तर बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ असू द्यावा.

उरले नायट्रेट. त्यासाठी दर आठवड्याला चौथाई पाणी काढून नवे भरावे. मी आटले तेवढेच पाणी वरून टाकत होतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. निचरा नसलेल्या रानाला विहिरीचे पाणी देत राहिलो की रान क्षारपड होते, हे मी वर्षानुवर्षे तुम्हाला सांगत आलो; आणि घरात स्वतःच तेच करत होतो. नळाचे पाणी क्लोरिनचे असेल तर एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. फवारणीची बादली या कामाला चुकूनही घेऊ नये.

आता निवड. माती परीक्षण करतो तसे आधी पाणी तपासावे. आपल्याकडे बऱ्याच विहिरींचे पाणी जड असते : साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. अशा पाण्याचा सामू साधारण आठच्या आसपास असतो.

१) पिवळा मलावी : आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा, 'इलेक्ट्रिक येलो' नावाने मिळतो. वाढ चार इंच. जड पाणी आणि दगडांच्या कपारी हेच त्याचे मूळ घर. स्वभाव त्या मानाने शांत. तीन फुटी पेटीत सहा-आठ ठेवावेत. मादी अंडी तोंडात धरून तीनेक आठवडे जपते.

२) कॉन्व्हिक्ट : मध्य अमेरिकेचा, काळ्या पट्ट्यांचा, अतिशय काटक. पण एकच जोडी ठेवावी. पिले झाली की ही जोडी दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नाही.

३) एंजल : दक्षिण अमेरिकेचा. याला उंच पेटी व मऊ पाणी मानवते. इतका उकरत नाही, पण तोंडात मावेल असा मासा सोबत नको.

४) ऑस्कर व फ्लॉवरहॉर्न : दोन्ही फूटभर वाढतात. तीन फुटी पेटीत आणूच नयेत.

मलावी व अमेरिकेचे मासे एकत्र करू नयेत. पाणी आणि स्वभाव दोन्ही वेगळे. शिवाय तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच पेटीत दीडशे लिटरच्या वर पाणी मावते. दगड-काच धरून दोन क्विंटल वजन झाले! टेबल तसेच भक्कम पाहिजे.

शेवटी माझ्या ऑस्करचे सांगतो. जागा पुरेना म्हणून एका संध्याकाळी दोघांना बादलीत घालून मी कॅनॉलकडे निघालो. वाटेत आमचा चिटबॉय भेटला, उजनीच्या काठचा. बादलीत वाकून म्हणाला, ''साहेब, चिलापीबी आशीच कुणीतरी आणून सोडली असंल की.'' मी तिथूनच परत फिरलो. मोझांबिक तिलापिया १९५२ साली बाहेरून भारतात आणला गेला. आज तिलापियाच्या जाती देशभरच्या तलावांत मुरल्या आहेत, आणि त्या परत काढणे कुणाच्या हातात नाही. ऑस्कर मी सहा फुटी पेटी असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना देऊन टाकले.

तरी सर्व सभासदांना विनंती, की नको झालेला मासा कॅनॉल, ओढा, शेततळे यांत सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा. त्याहून बरे म्हणजे घेतानाच तो केवढा होणार हे विचारावे. आमच्या पेटीत सध्या सात पिवळे मलावी आहेत. मंगळवारी पाणी बदलण्याचे काम मुलीकडे आहे, आणि अजून तिची एकही पाळी चुकलेली नाही.

— ऊस विकास अधिकारी