फोर्ट्रॅन आज्ञावलीतून निवडक कण-घटनांची नोंद

उच्च ऊर्जेच्या प्रोटॉनांच्या टकरीचे संगणकीय प्रतिरूप निर्माण करणाऱ्या ‘पिथिया’ या आज्ञावलीची सहावी आवृत्ती फोर्ट्रॅन ७७ मध्ये लिहिलेली आहे. २००७ मध्ये सी प्लस प्लस भाषेतील आठवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तथापि जुनी विश्लेषणे समजून घ्यावयाची तर सहावीच वाचावी लागते. तीत प्रत्येक टकरीस ‘घटना’ म्हणतात. घटनेतील कणांची यादी ‘पीवायजेट्स’ या कॉमन ब्लॉकमध्ये, कमाल ४००० ओळींत, साठविली जाते. ‘के’ सारणीत कणाची अवस्था, सांकेतिक क्रमांक आणि जनककणाची ओळ असते. ‘पी’ सारणीत संवेगाचे तीन घटक, ऊर्जा व वस्तुमान.

समजा, २० जीईव्हीपेक्षा अधिक आडवा संवेग असलेली म्यूऑन-जोडी (क्रमांक १३ व −१३) ज्यांत आहे अशाच घटना हव्या आहेत. निवड ठरेपर्यंत फाइलमध्ये काहीही लिहिता कामा नये, कारण शीर्षओळीत कणसंख्या द्यावयाची असते व ती यादी संपूर्ण तपासल्यावरच कळते. म्हणून प्रथम केवळ मोजणी करावी. अट पूर्ण झाल्यास शीर्षओळ लिहावी आणि नंतर दुसऱ्या फेरीत कण लिहावेत.

खरी फसगत होते ती अंकांच्या मांडणीत. ‘एफ ८.३’ या आराखड्यात −१२३४.५६७ ही संख्या मावत नाही. तिच्या जागी आठ तारांकने उमटतात आणि कार्यक्रम निमूटपणे पुढे चालू राहतो. रुंदी वाढविली तरी प्रश्न सुटत नाही. १००० जीईव्ही संवेगाच्या म्यूऑनची ऊर्जा व संवेग यांत केवळ ०.००००५६ जीईव्हीच्या दहाव्या भागाइतका फरक असतो. तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिल्यास दोन्ही संख्या सारख्याच होतात आणि त्यांवरून वस्तुमान पुन्हा काढता येत नाही. एकेरी अचूकतेच्या चलांतही हा फरक टिकत नाही. दुहेरी अचूकता आणि ‘ईएस २४.१६’ हा आराखडा वापरल्यास १७ सार्थ अंक मिळतात. फाइल मोठी होते, पण ती किंमत मोजण्याजोगी आहे.

वगळलेल्या घटनांचीही गणना आवश्यक असते. निवडलेल्या घटनांचे एकूण निर्मित घटनांशी असलेले गुणोत्तर ठाऊक नसेल, तर त्या प्रक्रियेचा काटछेद काढता येत नाही; उरलेली फाइल निव्वळ उदाहरणांचा संग्रह ठरते. ही एकूण संख्या बहुधा शेवटच्या ओळीत लिहितात. मात्र कार्यक्रम मध्येच बंद पडल्यास ती ओळ लिहिलीच जात नाही. म्हणून प्रत्येक शीर्षओळीत त्या घटनेचा निवडीतील नव्हे, तर निर्मितीतील अनुक्रमांक नोंदवावा. अर्धवट राहिलेली फाइलही त्यामुळे शेवटच्या पूर्ण घटनेपर्यंत वापरता येते.