चढावर मागे, मुक्कामावर बरोबर



आजोबांच्या आरामखुर्चीला दोन चाके लावली, पुढे पेडल बसवले आणि ती रस्त्यावर आणली, तर कशी दिसेल? हसू नका, अशी सायकल खरोखरच आहे. तिला रिकंबंट सायकल म्हणतात. ती चालवणारा सीटला पाठ टेकून, पाय पुढे पसरून बसतो. पेडल त्याच्या पायाखाली नसून समोर असतात. साखळी आपल्या सायकलच्या साखळीपेक्षा कितीतरी लांब असते. हँडल काही सायकलींत छातीसमोर, तर काहींत सीटच्या खाली दोन्ही बाजूंना असते.

अशा सायकलवरून बागेत फेरफटका मारणे आपण समजू शकतो. परंतु फ्रान्समध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस नावाची सुमारे १,२०० किलोमीटरची सायकलफेरी होते आणि तिच्या चढउतारांच्या वाटेवर हजारो साध्या सायकलींबरोबर या आरामखुर्च्याही धावतात. हे कसे जमते? उत्तरासाठी थोडे विज्ञान लागेल, थोडे गणित लागेल, आणि पाठ्यपुस्तकात नसलेली एक गोष्टही लागेल.

वारा आणि वजन

सपाट रस्त्यावर ताशी २५-३० किलोमीटर वेगाने जाताना सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा मागे सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध साधारण चौपट होतो. साध्या सायकलवर आपण छाती पुढे करून वाऱ्याला सामोरे जातो. रिकंबंटवरचा स्वार आडवा असतो, म्हणून वाऱ्याला त्याचे शरीर कमी लागते. तितक्याच श्रमात तो जास्त वेगाने जातो. उतारावर तर हा फरक फारच जाणवतो.

चढावर मात्र चित्र पालटते. वेग कमी असल्याने हवेचा विरोध नगण्य होतो आणि खरी लढाई वजनाशी असते. रिकंबंट सायकल सहसा काही किलोंनी जड असते. समजा, स्वार ७० किलोचा, साधी सायकल १० किलोची आणि रिकंबंट १५ किलोची आहे. म्हणजे एकाला ८० किलो वर न्यायचे आहेत, तर दुसऱ्याला ८५. शिवाय चढ आला की तुम्ही काय करता? सीटवरून उठता आणि उभे राहून, अंगाचा भार टाकून पेडल मारता. रिकंबंटवर उभेच राहता येत नाही. सगळे काम पायांनी, बसूनच करावे लागते. त्यातच वेग फार कमी झाला तर तोल सांभाळणे कठीण जाते. म्हणून या सायकलला अगदी हलके गिअर लागतात आणि चालवणाऱ्याला बरेच महिने सरावही लागतो.

एक हिशेब

आता वही-पेन घ्या. दोन मित्र आहेत. पहिल्याकडे साधी सायकल, दुसऱ्याकडे रिकंबंट. वाटेत १० किलोमीटर चढ, मग १० किलोमीटर उतार आणि शेवटी २० किलोमीटर सपाटी आहे.

पहिला मित्र चढावर ताशी १२, उतारावर ४० आणि सपाटीवर २५ किलोमीटर वेगाने जातो. त्याला ५० मिनिटे, १५ मिनिटे आणि ४८ मिनिटे लागतात. एकूण ११३ मिनिटे.

दुसरा मित्र चढावर ताशी १०, उतारावर ६० आणि सपाटीवर २८ किलोमीटर वेगाने जातो. त्याला ६० मिनिटे, १० मिनिटे आणि सुमारे ४३ मिनिटे लागतात. एकूण तेही ११३ मिनिटे!

घाटमाथ्यावर दुसरा १० मिनिटे मागे होता. उतार संपला तेव्हा ५ मिनिटे मागे होता. मुक्कामाला दोघे एकदमच पोहोचले. परंतु वाटेत क्षणभरही ते बरोबर नव्हते. माथ्यावर उभे राहून कोणी म्हणाले असते, "हा काही आपल्यात चालायचा नाही," तर तो निकाल चुकीचा ठरला असता.

याच हिशेबात आणखी एक धडा दडलेला आहे. चढावर गमावलेली १० मिनिटे दुसऱ्याने उतारावरच भरून काढायची ठरवली तर? त्याला उतार ५ मिनिटांत संपवावा लागेल, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने सायकल सोडावी लागेल! हा तर वेडेपणाच. हळू जाण्यात वेळ मोठा खर्च होतो, वेगाने जाण्यात तो थोडाच वाचतो. चोर्ला घाटातून दुचाकीने जाणाऱ्या पालकांनीही हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस

ही फेरी १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली. आज ती शर्यत नाही. दर चार वर्षांनी ती भरते आणि नेमून दिलेल्या वेळात अंतर पुरे करणे एवढेच तिचे उद्दिष्ट असते. बहुतेकांसाठी ही मर्यादा ९० तासांची असते. त्यातच जेवण, झोप आणि पंक्चर काढणे. वाटेत ठरावीक ठाणी असतात, तिथे वेळेत पोहोचून आपल्या पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागतो. २०१९ आणि २०२३ साली ही फेरी पॅरिसजवळच्या रांबुये गावातून निघाली. नॉर्मंडी व ब्रिटनी प्रांतांतून ती पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेस्ट बंदरापर्यंत जाते आणि परत येते. रात्री-अपरात्री गावोगावचे लोक घरासमोर टेबल मांडून अनोळखी सायकलस्वारांना पाणी, कॉफी आणि खाऊ देतात.

या मार्गावर मोठा पर्वत नाही. ब्रिटनीतील रोक ट्रेव्हेझेल नावाचा खडकाळ माथा वाटेत लागतो, त्याचीही उंची ४०० मीटरच्या आतच आहे. परंतु टेकडी संपली की टेकडी, ती संपली की आणखी एक. या सर्व चढांची बेरीज केली तर ती ११ ते १२ हजार मीटर भरते. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे, यावरून अंदाज करा.

अशा लाटांसारख्या रस्त्यावर रिकंबंटला एक फायदा मिळतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने खाली आलेली सायकल, घर्षण व हवा बाजूला ठेवली तर, पेडल न मारता सुमारे १० मीटर उंची चढू शकते. (वरच्या वर्गांतील मुलांनी हे गतीच्या सूत्रावरून ताडून पाहावे.) ३० मीटरच्या टेकडीला ही १० मीटरची मदत मोठी आहे. ६०० मीटरच्या घाटाला मात्र ती पुरत नाही. म्हणून सलग मोठ्या घाटात रिकंबंट मागे पडते आणि छोट्या टेकड्यांच्या मुलखात ती टिकाव धरते.

दुसरा फायदा शरीराचा. तीन-चार दिवस साध्या सायकलवर वाकून बसल्याने मान आखडते, तळहात बधिर होतात, बैठकीची कातडी सोलवटते. पाठ टेकून बसणाऱ्याला हे त्रास फारसे होत नाहीत. त्याची अडचण वेगळीच असते. पाय सतत वर राहिल्याने तळपाय बधिर होतात किंवा त्यांची आग होते. फुकट असे काहीच मिळत नाही.

एक जुना निर्णय

१९३३ साली फ्रान्सिस फोर नावाचा फ्रेंच सायकलपटू शार्ल मोशे याने बनवलेली रिकंबंट घेऊन पॅरिसमधील धावपट्टीवर उतरला. फोर काही पहिल्या फळीतला खेळाडू मानला जात नव्हता. ७ जुलै रोजी त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून ऑस्कर एग याच्या नावावर असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली की रिकंबंट तिच्यात बसेना. मुख्य शर्यतींची दारे तिला बंद झाली.

संघटनेची बाजूही समजून घेतली पाहिजे. शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नसावी, असे म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्या एका व्याख्येमुळे या सायकलचा विकास कितीतरी वर्षे मागे पडला. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसमध्ये मात्र वेगळा मार्ग काढला आहे. रिकंबंट, तीन चाकी व जोडसायकल यांना वेगळ्या तुकडीत सोडतात. वाट तीच, ठाणी तीच, शिक्केही तेच.

गटाने जाताना

अशी तुकडी वेगळी करण्यामागे सुरक्षिततेचाही विचार आहे. चढावर हळू आणि उतारावर सुसाट जाणारी सायकल दाट घोळक्यात असली तर दोघांनाही धोका. म्हणून मिश्र गटाने जाणारे अनुभवी लोक काही गोष्टी आधीच ठरवतात. प्रत्येकाने चढ आपापल्या गतीने चढावा. भेटायची जागा माथ्यावर किंवा चहाच्या टपरीवर ठरवून घ्यावी. उतार लागण्यापूर्वी रिकंबंटला पुढे जाऊ द्यावे, म्हणजे तिला कोणाला ओलांडावे लागत नाही. रिकंबंट बुटकी असल्याने तिच्यावर उंच काठीचे निशाण व ठळक दिवे लावावेत. स्वाराला मागे वळून पाहणे अवघड जाते, म्हणून आरसा हवाच.

माथ्यावर थांबणाऱ्यांसाठीही एक नियम असतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मागून येणारा पोहोचला की लगेच "चला" म्हणून निघायचे नाही. आधी आलेल्यांची विश्रांती झालेली असते, शेवटी आलेल्याची नाही. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ती मिळाली नाही, तर तो पुढच्या चढावर आणखी मागे पडतो. मग लाजेपोटी तो उतारावर ब्रेक सोडतो आणि अपघात तिथेच होतात.

आपल्या देशातही २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या अशा फेऱ्या होतात. त्यांना ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाण्यापूर्वी हे चारही टप्पे पुरे करावे लागतात. २०१९ व २०२३ साली भारतातून बरेच सायकलस्वार तिकडे गेले, त्यात महाराष्ट्रातलेही होते.

मुलांनो, तुमच्यातले सर्वच काही मोठेपणी १,२०० किलोमीटर सायकल चालवणार नाहीत. परंतु सहलीत डोंगर चढताना, गटाने प्रकल्प करताना किंवा पाढे पाठ करताना कोणीतरी मागे राहतेच. त्याला हाका मारून घाई करू नका आणि सोडूनही जाऊ नका. पालक व शिक्षकांनाही हीच विनंती. आपण बहुधा माथ्यावर घड्याळ घेऊन उभे असतो आणि सपाटी अजून यायची असते.

तो शेवटचा गडी वर आला की त्याला आधी बसू द्या, पाणी द्या. "चला" कधी म्हणायचे, ते त्याला ठरवू द्या.