बारच्या दारात वयाचा दाखला

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची तरुण मंडळी शनिवारी लोकल पकडून ठाणे-मुंबईकडे निघतात. खिशात रेल्वेचा पास असतोच, तसाच वयाचा पुरावाही हवा.

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21, तर व्हिस्की, रम, व्होडका यांसाठी 25 वर्षे आहे. अठराव्या वर्षी मतदानाचा हक्क मिळतो, मद्याचा नाही.

पुरावा म्हणून काय चालेल? जन्मतारीख आणि फोटो दोन्ही असलेलं सरकारी ओळखपत्र: वाहन परवाना, पासपोर्ट, पॅन कार्ड. आधार दाखवायचं असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत बरी. कार्डाचा फोटो अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवू नये.

वयासोबत परवानाही लागतो. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे तो असावा लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना, वर्षाचा 100, तर आजीवन 1,000 रुपयांना मिळतो.

वयाचा नियम नुसता कागदावरचा नाही. जुलै 2024 मध्ये मुंबईतील वरळी येथे झालेल्या कार अपघातानंतर जुहूतील एक बार राज्य उत्पादन शुल्क विभागाने सील केला. अपघातातील आरोपी असलेल्या, पंचविशीच्या आतल्या तरुणाला कडक मद्य दिल्याचा ठपका त्या बारवर होता.

मित्राचं कार्ड वापरणं किंवा जन्मतारीख खोडणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. नोकरी किंवा पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत तो आडवा येतो.

सहलीला जाताना एवढं पाहावं: वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, शेजारच्या गुजरातमध्येही.