हॉट रॉड मोटारींतील अप्रकट दिशादर्शक दिवे

अप्रकट दिशादर्शक दिवे म्हणजे जुन्या मोटारीचे मूळ रूप न बिघडवता तिच्यावर बसविलेले, बंद असताना सहसा नजरेत न भरणारे आणि चालू केल्यावर मात्र स्पष्ट दिसणारे वळणाचे दिवे होत. अमेरिकेतील हॉट रॉड या मोटारप्रकारात अशा दिव्यांचा वापर विशेषत्वाने आढळतो. हॉट रॉड ज्या मोटारींपासून घडविल्या जातात, त्या मुख्यतः १९२० व १९३० च्या दशकांतील असून त्यांच्यावर कारखान्यातून वळणाचे दिवे बसविलेले नव्हते. आजच्या वर्दळीत अशी मोटार सुरक्षितपणे चालविणे आणि तिचा काळ तिच्या रूपात जपणे, या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नातून हे तंत्र विकसित झाले.

पार्श्वभूमी

जुनी, स्वस्तात मिळणारी मोटार घेऊन तिच्यातील अनावश्यक भाग काढून टाकायचे, वजन कमी करायचे आणि इंजिनाची शक्ती वाढवायची, ही हॉट रॉडची मूळ कल्पना होय. दक्षिण कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात तिचा प्रसार झाला. म्युरॉक व एल मिराज या कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत या मोटारींच्या वेगचाचण्या होत असत. त्यांचे नियमन करण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. 'हॉट रॉड' हे मासिक जानेवारी १९४८ मध्ये सुरू झाले.

हॉट रॉडसाठी फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी (१९०८–१९२७), मॉडेल ए (१९२८–१९३१) आणि १९३२ च्या मोटारींना मोठी पसंती मिळाली. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन बाजारात आणले, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होय. मॉडेल ए आणि १९३२ च्या फोर्डवर मागील बाजूस सामान्यतः डावीकडे एकच दिवा असे. त्यामुळे वळणाचे दिवे जोडताना अनेकदा उजवीकडे दुसरा दिवा बसविण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

हाताच्या इशाऱ्यापासून दिव्यापर्यंत

त्या काळी चालक खिडकीतून हात बाहेर काढून वळण्याचा इशारा देत. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो. म्हणून डावा हात आडवा पसरला की डावे वळण, कोपरात वाकवून वर केला की उजवे वळण आणि खाली केला की थांबणे, असा संकेत रूढ झाला. युरोपात दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारा, प्रकाशित होणारा छोटा हात म्हणजेच ट्रॅफिकेटर प्रचलित होता. भारतातील रस्त्यांवर धावलेल्या मॉरिस मायनरसारख्या मोटारींवरही तो होता.

अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९३९ च्या मोटारींवर लुकलुकणारे वळणाचे दिवे मागील बाजूस दिले आणि १९४० मध्ये ते पुढील बाजूसही आणले. १९५० च्या दशकात ते सर्वत्र रूढ झाले. आज हाताच्या इशाऱ्यांचा अर्थ अनेक चालकांना ठाऊक नसतो आणि रात्री हात दिसतही नाही. अनेक हॉट रॉडचे छप्पर कापून खाली आणलेले असल्याने त्यांच्या अरुंद खिडकीतून हात बाहेर काढणेही अवघड असते. शिवाय मडगार्ड काढलेली, जमिनीलगत धावणारी मोटार इतर वाहनचालकांच्या डोळ्यांना उशिरा दिसते. त्यामुळे कायद्याने सक्ती नसली तरीही वळणाचे दिवे असणे हिताचे मानले जाते.

कार्यपद्धती

वळणाच्या दिव्यांचा विद्युत परिपथ साधा असतो. बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूजमधून फ्लॅशरकडे, तेथून डावे-उजवे निवडणाऱ्या स्विचकडे आणि मग त्या बाजूच्या पुढील व मागील दिव्यांकडे जातो. दिव्यातून तो मोटारीच्या धातूच्या सांगाड्यामार्गे बॅटरीकडे परततो.

जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये द्विधातू पट्टी असते. प्रवाहामुळे पट्टी तापून वाकते व परिपथ तुटतो. निवल्यावर ती पूर्ववत होऊन परिपथ जोडते. याच क्रियेच्या पुनरावृत्तीने दिवा लुकलुकतो. लुकलुकण्याचा वेग मिनिटाला ६० ते १२० वेळा असावा, असा दंडक अमेरिकेत व भारतातही आहे. अशा साध्या फ्लॅशरची गती दिव्यांनी घेतलेल्या प्रवाहावर अवलंबून असल्यामुळे एक दिवा निकामी झाला की लय बदलते आणि चालकाला बिघाडाची सूचना मिळते.

मागील बाजूस बहुधा दुहेरी तंतूचा दिवा वापरतात. त्यातील मंद तंतू रात्रीच्या मागच्या दिव्याचे काम करतो, तर तेजस्वी तंतू ब्रेक व वळण या दोहोंचे. ही दुहेरी जबाबदारी स्टीअरिंगच्या दांड्यावरील विशेष स्विचमुळे साधते. इशारा बंद असताना हा स्विच ब्रेकची तार दोन्ही मागील दिव्यांना जोडून ठेवतो. डावा इशारा देताच तो डावा दिवा ब्रेकच्या तारेपासून तोडून फ्लॅशरला जोडतो. उजवा दिवा ब्रेकवरच राहतो.

याऐवजी डॅशबोर्डखाली तीन स्थितींचे साधे बटण बसविल्यास एक अडचण उद्भवते. दोन्ही मागील दिव्यांचे तेजस्वी तंतू ब्रेकच्या तारेने एकमेकांना कायमचे जोडलेले राहतात. त्यामुळे एका बाजूला दिलेला इशारा दुसऱ्या बाजूलाही पोहोचतो आणि मागचे दोन्ही दिवे एकत्र लुकलुकतात. यावर तीन उपाय आहेत : ब्रेकसाठी मधोमध स्वतंत्र दिवा देणे, वळणासाठी स्वतंत्र दिवे देणे, किंवा रिले वापरून दोन्ही संकेत वेगळे करणे.

जागेची निवड

दिवे अप्रकट ठेवण्याच्या पद्धती स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या प्रकारात मूळ दिव्यांच्या आतच वळणाचा दिवा सामावला जातो. हेडलाईटच्या वाटीत परावर्तकाशेजारी छोटा अंबर दिवा बसविला, तर बाहेरून काहीच बदल दिसत नाही. मागील दिव्याच्या लाल काचेआड एलईडींची चकती बसवून त्याच दिव्याकडून मागचा दिवा, ब्रेक व वळण अशी तिन्ही कामे करून घेता येतात. १९३९ च्या फोर्डचे अश्रूच्या आकाराचे मागील दिवे हॉट रॉडवर फार लोकप्रिय असून त्यांत असा बदल वारंवार केला जातो. लाल काचेआड अंबर दिवा बसवून मात्र उपयोग होत नाही. काच बहुतांश लालच प्रकाश बाहेर सोडते.

दुसऱ्या प्रकारात काळाला साजेसा सुटा दिवा निवडतात. मॉडेल एच्या काही आवृत्त्यांवर विंडस्क्रीनच्या पुढे दोन्ही बाजूंना छोटे दिवे असत. त्यांत दुहेरी तंतूचा दिवा बसविला की पार्किंग व वळण अशी दोन्ही कामे होतात. येथे दिवा दिसतो, पण तो परका वाटत नाही.

तिसऱ्या प्रकारात अगदी लहान दिवे छायेत बसवितात. पुढील जाळीच्या आड, हेडलाईटच्या आधाराखाली, नंबरप्लेटच्या चौकटीत किंवा मागील काचेच्या आतील कडेला एलईडीची अरुंद पट्टी लावणे, ही याची उदाहरणे होत. या प्रकारात चुकीला सर्वाधिक वाव असतो. जाळीच्या पट्ट्यांआडचा दिवा समोरून दिसला तरी बाजूने झाकला जातो आणि वळणाच्या वेळी नेमके बाजूच्या वाहनाला त्याची गरज असते. डावा व उजवा दिवा एकमेकांच्या फार जवळ असले, तर दिवा लुकलुकतो एवढे कळते. कोणत्या बाजूचा ते कळत नाही.

सहा व्होल्ट आणि धन अर्थिंग

जुन्या फोर्डमध्ये सहा व्होल्टची यंत्रणा असून बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. फोर्डने १९५६ च्या मोटारींपासून बारा व्होल्ट व ऋण अर्थिंग स्वीकारले. अनेक हॉट रॉडमध्ये संपूर्ण यंत्रणा बारा व्होल्टची करून घेतात. मात्र मूळ यंत्रणा राखल्यास काही बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

तेवढ्याच वॅटच्या दिव्याला सहा व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो. तार बारीक असेल किंवा जोड गंजलेला असेल, तर वाटेत अर्धा व्होल्ट सहज घटतो. बारा व्होल्टमध्ये ही घट सुमारे चार टक्के भरते, सहा व्होल्टमध्ये आठ टक्क्यांहून अधिक. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टतेच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने कमी होतो. आठ टक्के घटीने तो जवळजवळ चतुर्थांशाने उणावतो. म्हणून सहा व्होल्टच्या मोटारीत जाड तार आणि स्वच्छ जोड यांना पर्याय नसतो.

एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे धन अर्थिंगच्या मोटारीत त्या पद्धतीसाठी बनविलेलेच एलईडी दिवे व इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर वापरावे लागतात. शिवाय एलईडी अत्यल्प प्रवाह घेत असल्याने जुन्या फ्लॅशरमधील पट्टी पुरेशी तापत नाही आणि दिवा न लुकलुकता नुसताच जळत राहतो. यावर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा योग्य उपाय होय. रोधक जोडून प्रवाह वाढविण्याचा मार्गही आहे. पण ६ ओहमचा रोधक बारा व्होल्टच्या मोटारीत सुमारे २७ वॅट उष्णता निर्माण करतो. तो प्लास्टिक वा फायबरग्लासला टेकवून बसविणे धोक्याचे असते.

अनेक हॉट रॉडचे बाह्यांग फायबरग्लासचे असते. त्यातून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्यापासून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार न्यावी लागते. धातूच्या बाह्यांगावरही रंगाचा थर अर्थिंगमध्ये अडथळा आणतो. अर्थिंग सदोष असेल, तर प्रवाह दुसऱ्या तंतूतून वाट काढतो. इशारा दिल्यावर भलताच दिवा मंद उजळला, तर प्रथम अर्थिंग तपासावे, असा कारागिरांचा प्रघात आहे.

चालकाला मिळणारी सूचना

आधुनिक मोटारीत वळण पूर्ण होताच इशारा आपोआप बंद होतो. हॉट रॉडमध्ये बसविलेल्या साध्या बटणांत ही सोय नसते. इशारा चालूच राहिल्यास मागून येणाऱ्या वाहनाची दिशाभूल होते, म्हणून डॅशबोर्डवर छोटा सूचक दिवा किंवा आवाज करणारा बझर जोडणे आवश्यक ठरते.

एकच सूचक दिवा दोन्ही बाजूंसाठी वापरण्याची जुनी युक्ती आहे. तो डाव्या व उजव्या तारांच्या मध्ये जोडतात. डावी बाजू चालू असताना त्याचा अल्प प्रवाह उजव्या दिव्यांच्या तंतूंमधून परततो. सूचक दिवा लागतो, पण उजवे दिवे उजळत नाहीत. सर्वत्र एलईडी बसविल्यास ही युक्ती निरुपयोगी ठरते, कारण तेवढ्या अल्प प्रवाहानेही विरुद्ध बाजूचे दिवे लुकलुकू शकतात. अशा वेळी प्रत्येक बाजूच्या तारेत एकेक डायोड घालून सूचक दिव्याचे दुसरे टोक थेट सांगाड्याला जोडतात.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत याबाबतचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९५८ पासून तयार होऊन प्रथम नोंदल्या गेलेल्या मोटारींवर वळणाचे दिवे बंधनकारक आहेत. त्यापूर्वीच्या मोटारींना सवलत आहे. पण दिवे बसविल्यास समोरून पांढरा किंवा अंबर आणि मागून लाल किंवा अंबर प्रकाश दिसला पाहिजे. जुन्या बनावटीची प्रतिकृती असलेल्या नव्या बांधणीच्या मोटारीला ही सवलत मिळेलच असे नाही. ते तिच्या नोंदणीवर अवलंबून असते.

भारतात वळणाच्या दिव्यांबाबतचे नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र तरतूद करण्यात आली असून त्यांच्या नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही तिची अट आहे. त्यामुळे हॉट रॉडप्रमाणे आमूलाग्र बदललेली मोटार या व्याख्येत बसत नाही. मूळ रूपात जतन केलेल्या जुन्या मोटारीवर दिवे बसविताना मात्र वरील तंत्रे येथेही उपयोगी पडतात.

मतभेद

जुन्या मोटारींच्या चाहत्यांत या विषयावर दोन मते आढळतात. एका मतानुसार मोटार ज्या काळाची, त्या काळात नसलेली वस्तू तिच्यावर असू नये. दुसऱ्या मतानुसार हॉट रॉड ही मुळातच बदलातून जन्मलेली मोटार असल्याने सुरक्षिततेसाठी केलेला बदल तिच्या परंपरेला धरूनच आहे. दोन्ही पक्षांना मान्य होणारा मध्यममार्ग म्हणजे पूर्ववत करता येईल असा बदल. यात मूळ पत्र्याला भोक न पाडता असलेल्या बोल्टांचा व पकडींचा आधार घेतात, जुन्या तारांना न कापता वेगळ्या तारा टाकतात आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवतात.

अप्रकटपणालाही मर्यादा असते. बसविलेला दिवा भर उन्हात, पुरेशा अंतरावरून आणि तिरक्या कोनातून दुसऱ्या व्यक्तीला पाहायला लावणे, ही त्याची साधी व विश्वसनीय कसोटी आहे. बंद असताना न दिसणे हा या दिव्याचा गुण आहे. चालू असताना न दिसणे हा दोष, आणि असा दिवा नसलेल्या दिव्यापेक्षा अधिक घातक ठरतो. दिवाच नसेल तर चालक सावध राहून हाताचा इशारा करतो. न दिसणाऱ्या दिव्यावर विसंबलेला चालक मात्र इशारा दिला आहे या समजुतीने वळतो.