चेडा, गिऱ्हा आणि खेळातला कोश

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घणसोली गावात माझ्याविषयी एक बातमी पसरली होती. अमक्याचा पोरगा कॉलेजात जातो आणि घरी येऊन वहीत भुतांची नावे लिहितो! बातमी खरी होती. फक्त त्या वहीचे कारण भुते नव्हती, संगणकावरचा एक खेळ होता. आम्ही चार मित्र मिळून तो तयार करीत आहोत. तिघांना यंत्राची भाषा येते, मला मराठी येते. म्हणून खेळाला कोश जोडण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

खेळाला कोश कशाला, हा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनीही विचारला, तेव्हा थोडे मागून सांगतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद आणि फासे घेऊन खेळायचा खेळ निघाला. खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घ्यायची आणि कल्पित प्रदेशात हिंडायचे. पुढे हे खेळ संगणकावर आले. प्रदेश मोठा असला की त्यातले राजे, लढाया, देव, जनावरे सांगावी लागतात, आणि ते सगळे पात्रांच्या तोंडी घातले तर प्रत्येक पात्र कीर्तनकार होते. १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्ये हा मजकूर छापील पुस्तिकेत दिला होता. पडद्यावर क्रमांक येई, त्या क्रमांकाचा उतारा वाचायचा. अधीर मंडळी आधीच सगळे वाचून काढणार हे ओळखून त्यात काही उतारे चक्क खोटे घातले होते. मला ही युक्ती फार आवडते.

पुढे मजकूर खेळाच्या पोटात गेला आणि त्याच्या दोन तऱ्हा झाल्या. ‘मास इफेक्ट’मध्ये (२००७) नीटनेटका कोश आहे, जे जे भेटेल त्याची नोंद उघडते आणि ती सर्वज्ञ आवाजात बोलते. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) मात्र घराघरांत पुस्तके सापडतात, त्यांचे लेखक त्या कल्पित जगातलेच असतात आणि एकमेकांना खोडून काढतात. आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला. तो भूमिकाप्रधान नव्हे, साहसाचा आहे. हरवलेल्या भावाला शोधणारी राजी वाटेतल्या भित्तिचित्रांपुढे थांबते, की त्या चित्रांतली देवकथा ऐकू येते. तिथे भिंत हाच कोश.

आमच्या खेळातला गाव खाडीकाठचा आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली, त्याच्या आधीचा. आज रबाळे आणि कोपरखैरणे यांच्या मधल्या आमच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाला सेक्टर आणि इमारती दिसतात. पण माझ्या आजीच्या आठवणीत तिथे खारी भातशेती आहे, तिला बांध आहे आणि बांधात उघाडी आहे. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी खाडीत जाऊ द्यायचे, भरतीला ती बंद करायची. खेळाचा नायक रात्री बांधाची राखण करणारा मुलगा आहे.

कोशाची रचना अगदी साधी आहे. नोंदी खेळाच्या कार्यक्रमात मिसळत नाहीत. मजकुराच्या निराळ्या फाईलमध्ये राहतात. प्रत्येक नोंदीला एक खूण, एक मथळा, मजकूर आणि ‘केव्हा उघडायची’ ही अट असते. त्यामुळे मी शंभर वेळा शब्द बदलले तरी मित्रांचे काम बिघडत नाही.

मी उत्साहाने चाळीस नोंदी लिहिल्या. गावाचा काल्पनिक इतिहास, घराण्यांच्या वंशावळी, सगळे. दोन वर्गमित्रांना खेळायला बसवले. एकानेही एक नोंद पुरी वाचली नाही. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाला आरंभी पाच प्रस्तावनाखंड आहेत आणि ‘अ’ त्यानंतर येतो. मी केतकर नसताना प्रस्तावनाखंड लिहीत होतो! नोंदीवाचून अडले पाहिजे, हे तेव्हा उमगले. ‘द विचर’ (२००७) या खेळात एखाद्या राक्षसाची माहिती मिळवल्याखेरीज मेलेल्या राक्षसाच्या अंगातले औषधी द्रव्य काढता येत नाही. तिथे वाचन हेच हत्यार आहे.

आमच्याकडे असे हत्यार घरातच होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीवरचा जुना हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पुरे चढलेले. अमावास्येला पंधराची सव्वा अकरा. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, म्हणून हा हिशेब जमतो. खाडीत आत थोडा फरक पडतो, तो सोडून द्यायचा. त्यातही अमावास्या-पौर्णिमेचे पाणी उधाणाचे, अष्टमीचे भांगाचे. ही नोंद मी ‘तिथी’ या मथळ्याखाली घातली आणि उघाडी केव्हा बंद करायची ते खेळात कुठेही सांगितले नाही. आता सगळे ती नोंद उघडतात.

भुतांचे प्रकरण इतके सोपे नव्हते. मी ग्रंथालयातून एन्थोव्हेनची कोकणातल्या लोकसमजुतींची इंग्रजी टिपणे मिळवली. ही माहिती मुळात ए. एम. टी. जॅक्सन याने प्रश्नावली पाठवून शाळामास्तरांकडून गोळा केली होती. हाच तो नाशिकचा कलेक्टर. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे एन्थोव्हेनने ती संपादून १९१५ साली कोकणचा भाग काढला. त्यातल्या भुतांच्या यादीत गिऱ्हा आहे आणि चेडाही आहे. मी दोघांच्या नोंदी केल्या, मित्रांनी दोघांची चित्रे काढली, आणि बांधावर चेडा आडवा आला की त्याला काठीने मारायचे, असे ठरले.

एका संध्याकाळी आजीला मी नोंदी वाचून दाखवल्या. गिऱ्हा तिला पटला. पाण्यात बुडून मेलेला, रात्री हाक मारून माणसाला चिखलात नेणारा. चेड्याची नोंद सुरू होताच ती ताठ बसली.

“तो भूत नाय रं पोरा. तो राखणदार हाय.” आणि थोड्या वेळाने, “तुमच्या खेलान त्याला मारतान काय?”

मी गप्प राहिलो. तिचा बाप बांधावर जाण्याआधी चेड्याच्या दगडाला नारळ देत असे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. शेत गेले, बांध गेला, दगडही गेला. आमच्या आळीतल्या लहान मुलांना चेडा हे नाव जर कुठे भेटणार असेल तर ते आमच्या खेळात; आणि तिथे तो काठीने मरणार होता.

मित्रांशी चांगलेच वाजले. चेड्याच्या हालचाली बसवण्यात एकाचे तीन आठवडे गेले होते. “पुस्तकात भूतच लिहिलंय ना?” हा त्याचा मुद्दा, आणि तो खोटा नव्हता. मी पुन्हा ती टिपणे उघडली, तेव्हा एक गोष्ट नीट पाहिली: ‘शाळामास्तर, अमुक गाव’ असा उल्लेख माहितीखाली जागोजाग आहे. म्हणजे ते कोकणाचे म्हणणे नव्हे, त्या त्या गावच्या एका मास्तरांचे म्हणणे आहे. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या प्राचीन चरित्रकोशातही (१९३२) असेच आहे. विधानामागे कंसात ग्रंथाचा आधार येतो. सर्वज्ञ आवाज मी घेतला होता, त्या लोकांनी घेतला नव्हता.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक नोंदीखाली सांगणारा असतो: बांधावरची म्हातारी, शाळेचे मास्तर, मिठागरातला मजूर. चेड्याच्या दोन नोंदी आहेत. मास्तर त्याला भूत म्हणतात, म्हातारी राखणदार. खेळणाऱ्याने काठी उचलायची की नारळ ठेवायचा, ते त्याने ठरवावे. काठी उचलली तर त्या रात्री उघाडी फुटते. हे शेवटचे कलम माझ्या आग्रहाचे, आणि ते पक्षपाती आहे हे मला मान्य आहे. तीन आठवडे फुकट गेलेला मित्र चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने नारळ काढून आणला, चांगला शेंडीसकट.

लिपीनेही छळले. आधी घेतलेल्या साधनात ‘गिऱ्हा’तला अर्धा र निखळून पडे आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर बसे. २०२३ साली आलेल्या गोडो या मुक्त साधनाच्या चौथ्या आवृत्तीत जोडाक्षरे नीट जुळतात, म्हणून सगळे तिकडे हलवले. अकारविल्हे मात्र अजून बिनसलेले आहे. यंत्र ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवते, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो.

चेड्याच्या नोंदीत ‘ठिकाण’ असा एक रकाना आहे. आजीला विचारले, दगड नेमका कुठे होता? ती माझ्याबरोबर रिक्षाने निघाली, दोन सेक्टर फिरली, एका इमारतीच्या फाटकाशी थांबली, मग म्हणाली, “इथं नसंल.” रकाना कोरा ठेवला आहे. पुढल्या अमावास्येला पाणी चढेल तेव्हा खाडीच्या बाजूने पाहू, असे ती म्हणते.