५५३ ग्रॅमची पर्ल

वजन ५५३ ग्रॅम. उंची ९.१४ सेंटिमीटर. लांबी १२.७ सेंटिमीटर, म्हणजे पाचशेच्या नोटेपेक्षाही कमी. फ्लोरिडात २०२० साली जन्मलेली पर्ल ही चिवावा जातीची कुत्री. जगातली सर्वांत ठेंगणी जिवंत कुत्री म्हणून गिनेस बुकाने २०२३ मध्ये तिची नोंद केली. जन्मली तेव्हा ती जेमतेम २८ ग्रॅम भरली होती.

आता दुसरं टोक बघा. झोर्बा नावाच्या इंग्लिश मॅस्टिफचं वजन १९८९ मध्ये १५५.६ किलो भरलं होतं. त्याच्या भारंभार व्हायला २८१ पर्ल लागतील! तरी प्राणी एकच. गुणसूत्रांच्या ३९ जोड्या दोघांकडे, आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे दात ४२, मग तो केवढाही असो. मला सगळ्यांत थक्क करतो तो हाच आकडा. जबडा आक्रसला, दात मात्र तेवढेच राहिले. म्हणून चिवावाच्या तोंडात दातांची दाटी होते, त्यांत अन्न अडकतं, हिरड्या बिघडतात आणि दात लवकर पडतात. गुडघ्याची वाटी सरकते. कित्येकांची टाळू जन्मभर भरत नाही. इवलंसं पिल्लू काही तास उपाशी राहिलं, तर रक्तातली साखर उतरून जिवावर बेतू शकतं.

हा लहानपणा आला कुठून? आयजीएफ-१ या जनुकाशी निगडित एक बदल कुत्र्याचं आकारमान घटवतो. तो सायबेरियातल्या ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यात सापडल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. माणसानं कुत्रा पाळण्याच्याही कितीतरी आधीचा हा बदल!

चिवावा हे मेक्सिकोतल्या सर्वांत मोठ्या राज्याचं नाव. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर. जगातली सर्वांत चिमुकली जात त्याच नावानं ओळखली जाते. अमेरिकन केनेल क्लबकडे तिची पहिली नोंद १९०८ ची. क्लबच्या नियमानुसार वजन ६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे २.७ किलोच्या वर नको. स्वभाव मात्र वजनाला जुमानत नाही. एका माणसाला जीव लावायचा आणि दारात आलेल्या दांडग्या कुत्र्यावरही भुंकत धावून जायचं, ही चिवावाची रीत.

‘टीकप’ म्हणून जास्त पैसे घेऊन विकली जाणारी अतिचिमुकली पिल्लं ही कुठली मान्यताप्राप्त जात नव्हे. चिवावा घ्यायचाच असेल, तर आणखी लहान मागू नका; धडधाकट मागा.