आगबोटीवर पुन्हा शीड

आपले आदिलाबाद समुद्रापासून शेकडो मैल दूर. येथील धान्याच्या व्यापाऱ्याने जहाजांविषयी लिहावे, हे काही बंधूंस विचित्र वाटेल. परंतु तुरीचा भाव फुटण्याच्या सुमारास मोझांबिक व म्यानमार येथून मुंबईस किती माल उतरला, ही विचारणा आपण सारेच करतो. तो माल येथे कोणत्या दराने पडतो हे जहाजाच्या भाड्यावर, आणि भाडे बहुतांशी इंधनावर अवलंबून असते.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली ही जुनी बोट कोळशावर चालत असे. परकीय कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियास जेरीस आणले, आणि १९२३ च्या करारान्वये तिला किनाऱ्यावरील वाहतुकीवर समाधान मानावे लागले. त्या वेळी जहाज कोणाच्या मालकीचे, हा वाद होता. आज ते काय जाळते, हा आहे.

जगाच्या व्यापारातील सुमारे ८० टक्के माल समुद्रमार्गे जातो, आणि पृथ्वी तापविणाऱ्या वायूंपैकी सुमारे ३ टक्के जहाजांतून निघतात. २०५० च्या सुमारास हे प्रमाण शून्यावर आणण्याचे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ साली ठरविले. मेथॅनॉलवर चालणारी जहाजे निघाली आहेत. पण स्वच्छ रीतीने बनविलेले ते इंधन महाग पडते.

मला कौतुक वाटते ते 'पिक्सिस ओशन' या जहाजाचे. धान्यव्यापारातील बलाढ्य पेढी कारगिल हिने भाड्याने घेतलेल्या या जहाजावर ३७.५ मीटर उंचीपर्यंतची दोन ताठ शिडे बसविली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते त्या शिडांनिशी निघाले. पहिल्या सहा महिन्यांत रोज सरासरी ३ टन इंधन वाचले, असे पेढीने जाहीर केले. आपल्या कोकणच्या तांडेलाने हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसावे! वाऱ्याचे बिल कोणी पाठवीत नाही, हे त्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

जहाजांच्या धुरावर आकार बसविण्याचा प्रस्ताव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये एक वर्ष लांबणीवर पडला. तो आकार पुढे बसला, तर परदेशी तूर महागून आपल्या शेतकऱ्याच्या तुरीस कदाचित दोन पैसे अधिक मिळतील; पण बाहेर जाणाऱ्या सोयाबीनच्या पेंडीचे भाडेही वाढेल, आणि तो बोजा सोयाबीनच्या भावातूनच वजा होईल. आपल्या जिल्ह्यात दोन्ही पिके त्याच शेतकऱ्याच्या बांधावर उभी असतात.